तिच्या नावासमोरची सही

पाऊस संपला की आमच्या डोंबिवलीत वास उतरतो. "उतरला बघा," असं विमल म्हणायची, जशी काही कोणी पाहुणी एसटीतून उतरलीय. विमल माझी बायको. तिला जाऊन दीड वर्ष होईल. वास मात्र यंदाही वेळेवर आला.

पावसाळाभर वाऱ्याला जोर असतो, नालाही भरून वाहतो, कोणी काय सोडलं ते नाकाला कळत नाही. दसऱ्याच्या पुढेमागे वारा पडतो. दुपारी ऊन असं तापतं की गॅलरीच्या गजाला हात लागला तर चटका बसतो. आणि पाच वाजले की मानपाड्याच्या कारखान्यांकडून तो निघतो. त्याला घाई नसते. आधी आंबट, ताक नासल्यासारखा. मग गोडसर. त्या गोडाची मला सगळ्यात भीती वाटते. शेवटी केस जळल्यासारखा, आणि मग तो घरातच राहतो, उशीच्या अभ्र्यात, पिठाच्या डब्यात. खिडकी लावली तर आतला आत राहतो, उघडली तर आणखी येतो. लोक म्हणतात, ऑक्टोबर हीट. हीट ठाण्यालाही असते. ती पिठाच्या डब्यात जाऊन बसत नाही.

वासाची तक्रार करायला खरं तर मला तोंड नाही. मी चौथी शिकलेला माणूस. लांज्याकडून आलेलो, आणि एकतीस वर्षं त्याच कारखान्यांपैकी एकात रंगखात्यात काढली. कापडाला जो रंग लागतो त्याचा कच्चा माल आम्ही बनवायचो. त्याचं खरं नाव हातभर लांब होतं, आम्ही नुसतं 'पिवळं' म्हणायचो. नखं पिवळी, बनियन पिवळं, थुंकलं तर तेही पिवळं. आमचा महेश बालवाडीत असताना बाईंना सांगून आलेला, माझ्या बाबांना रोज हळद लावतात. बाई हसल्या, आम्हीही हसलो. तेव्हा वास येतो असं आम्ही म्हणत नव्हतो. कामाचा वास, म्हणायचो. पगाराचा वास, म्हणायचो.

विमल सातवी शिकलेली. ती घरी बसून साड्यांना फॉल लावायची, पिको करायची. शेजारपाजारच्या बायका साड्या आणून टाकायच्या. पांढरी साडी आली की ती आधी गॅलरीत दोरीवर टाकायची आणि तासाभराने तळहात फिरवून बघायची. तळहातावर पिवळी भुकटी आली की साडी आत. मला हात दाखवायची. "तुमच्या कंपनीचं आहे." कधी म्हणायची, "आज तुमचं नाही, पलीकडच्यांचं दिसतंय, जरा तांबूस आहे." हवामान खात्याला कळायचं नाही ते तिला साडीवरून कळायचं. मी म्हणायचो, तुला सरकारने नोकरीला ठेवायला पाहिजे. ती म्हणायची, "ठेवतील. पण मग खरं बोलू देणार नाहीत."

पेपरात ती बातम्या वाचायची नाही. मागच्या पानावरच्या जाहीर सूचना वाचायची. कोणाचं सर्टिफिकेट गहाळ, कोणी नाव बदललं, कोणाच्या फ्लॅटचे कागद सापडत नाहीत. मी विचारायचो, "काय, आज कोण हरवलं?" त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं. "माणसं कुठे हरवतात? कागद हरवतात. मग माणसं बोंबलत फिरतात."

चार वर्षांपूर्वी कंपनीची सूचना तिलाच दिसली. असाच ऑक्टोबर होता. मी रिटायर होऊन तीनेक वर्षं झालेली. मी कांदा चिरत होतो, ती पेपर गुडघ्यावर घेऊन बसलेली. म्हणाली, "अहो, तुमची कंपनी वाढतेय. जनसुनावणी आहे. नागरिकांनी हरकती आणि सूचना मांडाव्यात, असं लिहिलंय."

"मांडू देत त्यांना."

"कोणाला?"

"नागरिकांना."

"आणि आपण कोण आहोत?"

"आपण भाडेकरू," मी म्हटलं.

"भाडेकरू काय नाक मालकाकडे ठेवून येतो?" ती म्हणाली, आणि सूचना कात्रीने कापून मिसळणाच्या डब्याखाली ठेवली.

तो सगळा महिना तिने त्या चार बोटांच्या कागदावर काढला. कंपनी का वाढतेय, हे मला माहीत होतं. साळवी साहेब, म्हणजे आमचे जुने मॅनेजर, त्यांनी गेटवर भेटल्यावर सांगितलेलं. परदेशात एका मोठ्या देशात हा माल बनवायला बंदी आली. नदी खराब होते म्हणून तिथल्या लोकांनी कारखाने बंद पाडले. पण कपडे तर त्यांना रंगीतच पाहिजेत. मग आपल्या सरकारचा त्या देशाशी करार झाला, जकात कमी झाली, आणि ठरलं की माल आपण बनवायचा, त्यांनी घ्यायचा. "दिवस आले बघा आपले," साळवी म्हणाले. मी घरी येऊन विमलला तसंच सांगितलं, खूश होऊन. ती सुईत दोरा ओवत होती. दोरा ओवून झाला, गाठ मारली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनी घरातला उकिरडा उचलला आणि आपल्या दारात टाकला. आणि आपण म्हणायचं, दिवस आले."

मला राग आलेला. ज्या पिवळ्यावर घर चाललं, त्याला उकिरडा म्हणते म्हणून. आता राग येत नाही. आता त्या गोड वासात बसलो की मला वाटतं, त्या करारावर ज्याने सही केली त्याच्या टेबलावर फुलदाणी असेल, पाण्याचा ग्लास असेल. पेन उचललं, सही केली, हात मिळवले, फोटो काढले. आणि इकडे माझ्या पिठाच्या डब्यात काय जाणार, ते त्या मिनिटाला ठरलं. त्या माणसाने डोंबिवली नकाशात तरी बघितली असेल का?

सुनावणीच्या आदल्या दिवशी साळवींचा फोन. "अहो, आपल्या घरचं कार्य आहे. वहिनींना घेऊन या. बस पाठवतो." बस आली. तिच्यात सगळी रिटायर मंडळी, इस्त्रीचे शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखी. मैदानात मांडव, लाल गालिचा, खुर्च्यांना पांढरी कव्हरं. मांडवाच्या मागे पुलावाचा टोप चढलेला आणि फिनेल इतकं शिंपडलेलं की पुलावालाही त्याचाच वास. कारखान्याची चिमणी त्या दिवशी गप्प होती. सकाळपासून धुराचा एक धागा नाही. आकाश इतकं निळं मी तिथे कधी बघितलेलं नव्हतं. घरात मोठं भांडण झालेलं असताना पाहुण्यांसमोर सगळे हसतात ना, तसं ते आकाश होतं.

दाराशी टेबल, टेबलावर वही. नाव, पत्ता, सही. सही केली की जेवणाच्या पाकिटाचं कूपन.

आता जे लिहितोय ते आमच्यासारख्या माणसांनाच कळेल. एकतीस वर्षं रोज सकाळी मी मस्टरवर सही केली. मस्टरवर वर काय छापलंय ते कोणी वाचतं का? आपली ओळ शोधायची, सही ठोकायची, खाली दोन रेघा मारायच्या आणि आत पळायचं. वही दिसली की माझा हात आपोआप जातो. आणि दुसरं असं की सोबतचा माणूस मागे राहिला तर त्याची सहीही आपणच करायची, ही खात्यातली रीत. पांडूला उशीर झाला, पांडूची सही मी केली. माझं पोट बिघडलं, माझी पांडूने केली. त्यात फसवणूक आहे असं कधी वाटलं नाही, त्याला आम्ही दोस्ती म्हणायचो. विमल मागे एका बाईशी बोलत थांबलेली. मी माझी सही केली, खाली तिचं नाव लिहिलं, तिचीही सही केली, दोन रेघा मारल्या आणि दोन कूपनं घेतली.

वहीच्या डोक्यावर लिहिलेलं होतं: विस्तारास सहमती असलेले उपस्थित नागरिक.

हरकतीची वहीसुद्धा होती. ती मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या पिंपाजवळ. तिथे कूपन नव्हतं. तिथे कोणी गेलं नाही.

मग विमल बोलायला उठली. मला म्हणालीही नाही, उठते म्हणून. निळी सुती साडी, पिशवी खांद्याला तशीच. व्यासपीठावर जिल्ह्याचे एक अधिकारी आणि कंपनीची दोन माणसं. माइक तिच्या उंचीला जास्त होता, तो खाली करायला कोणी आलं नाही, म्हणून ती मान वर करून बोलली, कोंबडी पाणी पिते तशी. मागे कोणीतरी हसलं.

"साहेब, मला एकच विचारायचंय. जो माल त्यांच्या गावात बनवायला बंदी आहे, तो आमच्या गावात बनवायला परवानगी का?"

अधिकारी चांगला माणूस होता. हात जोडून म्हणाला, "ताई, परदेशाशी व्यापाराचं धोरण हा दिल्लीचा विषय आहे. तो इथल्या कक्षेत येत नाही. तुम्ही इथल्या प्रकल्पाबद्दल सांगा. झाडं किती लावावीत, पाणी कुठे सोडावं."

"मग करार केला तेव्हा आम्हाला कोणी विचारलं?"

"त्याची वेगळी पद्धत असते ताई."

"पत्रिका छापल्या, हॉल बुक झाला, जेवण चढलं," विमल म्हणाली, "आणि आता मुलीला विचारताय, मेंदी कुठल्या डिझाइनची पाहिजे?"

हशा झाला. टाळ्यासुद्धा पडल्या. साळवीही हसले. मला वाटलं, चला, जिंकली. मी मागच्या रांगेत दोन पाकिटं मांडीवर घेऊन बसलेलो, छाती फुगलेली. तिच्या बोलण्याची नोंद एक पोरगी करून घेत होती. म्हणजे पोरीच्या हातात पेन होतं, एवढं मी बघितलं.

घरी येताना विमलने पाकीट उघडलं नाही. बसमधून उतरल्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या गाईला घातलं. गाईने हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्यावर आम्ही किती हसलो. आम्ही एकत्र एवढे हसलो, तो शेवटचा ऑक्टोबर.

त्यानंतर थंडीत ती तीन वेळा ठाण्याला गेली, सुनावणीचा अहवाल मागायला. तिसऱ्या वेळी मिळाला. संध्याकाळी मी दूध घेऊन आलो तर ती जमिनीवर बसलेली, चष्मा कपाळावर, समोर कागद पसरलेले. अहवालात तिचं बोलणं एका ओळीत होतं: एका महिलेने झाडांविषयी सूचना केली. आणि मागे सहमतीच्या यादीत तिचं नाव, पत्ता, सही, सहीखाली दोन रेघा.

तिने त्या रेघांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, हजेरीची वही वाटली. म्हणालो, कूपनसाठी केलं. म्हणालो, त्याने काय होतंय, एका सहीने. ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता, पोळ्या किती करू विचारते तसा.

"लग्नाच्या वेळी पण मला कोणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "तेव्हा तुमची ओळख नव्हती. आता चाळीस वर्षं झाली."

मी म्हटलं, उद्या जाऊन दुरुस्त करतो. खरंच जाणार होतो. पण त्याच महिन्यात नव्या प्लांटची भरती निघाली आणि साळवींनी महेशला पॅकिंगमध्ये घेतलं. बारावी नापास पोरगा, आधीची नोकरी सुटून दोन वर्षं घरी बसलेला. मी विमलला म्हणालो, "आता गप्प बस. पोराच्या ताटात माती कालवू नकोस." ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं म्हणजे रुसणं नव्हतं. चहा द्यायची, डबा भरायची, हसायचीसुद्धा. फक्त पांढऱ्या साड्या घेणं तिने बंद केलं. बायका विचारायच्या, का गं? म्हणायची, डोळे गेले. डोळे चांगले होते तिचे. पेपरातल्या जाहीर सूचनाही वाचेनाशी झाली. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलेलं. ती कशातून निघून चाललीय ते मला कळलं नाही.

कारखान्यामुळे ती गेली असं मी म्हणत नाही. हृदय बंद पडलं. सकाळी तुळशीला पाणी घालून आली, बसली, गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं. बासष्ट. मी त्यांना वासाबद्दल विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण एक गोष्ट आहे. रात्रंदिवस छातीत काहीतरी घेऊन बसलेला माणूस कशाने जातो, हे डॉक्टरच्या कागदावर कुठल्या रकान्यात लिहितात?

यंदा गणपतीपासूनच कुजबुज सुरू होती. ज्या देशाला आमचा माल जायचा तिथे सरकार बदललं. नव्या सरकारने जकात वाढवली. का वाढवली, कोणावर रागावले, ते टीव्हीवाले ओरडून सांगतात आणि मला काही कळत नाही. मला एवढं कळतं की महेशचा ओव्हरटाइम बंद झाला, आणि गोडाऊनमध्ये पिंपांवर पिंपं चढली. जवळच मोहने गावात मोठा कारखाना बंद पडला तेव्हा तिथल्या गल्ल्या कशा झालेल्या ते मी बघितलंय. भर दुपारी पुरुष ओट्यावर बसलेले, आणि कोणी कोणाच्या डोळ्यात बघत नाही. तसे चेहरे आता आमच्या जिन्यात दिसायला लागले.

आणि दसऱ्याला पेपरात सूचना आली. पेपर मी बंद केलेला नाही. मागचं पान बोट ठेवून वाचतो, तिचं राहिलेलं काम म्हणून. कंपनीला आणखी एक प्लांट टाकायचाय. आता तिसऱ्याच कुठल्या देशासाठी, आणखी स्वस्त आणि आणखी जहाल माल. टिकायचं असेल तर हेच करावं लागेल, असं महेश सांगतो. त्याला साळवींनी सांगितलंय, साळवींना कोणी सांगितलं देव जाणे. सूचनेत म्हटलेलं की नव्या प्लांटच्या अहवालाचा सारांश वॉर्ड ऑफिसात बघायला मिळेल. मी गेलो. जाड कागद, इंग्रजी जास्त, मराठी पानं मागे. त्यात लिहिलंय, मागील सुनावणीत स्थानिकांनी भरघोस सहमती दिलेली असल्यामुळे. आणि पुराव्याला तीच यादी. तिचं नाव, माझ्या दोन रेघा.

मला वाटलेलं, बाई गेली तशी तिची ती सहीही गेली. नाही. माणूस जळतं, कागद कामाला लागतो. ती नसताना ती पुन्हा हो म्हणतेय. नव्या विषाला, जे तिने बघितलंही नाही.

ठाण्याला गेलो, विमलला सुनावणीचा अहवाल मिळाला त्याच सरकारी कचेरीत. नौपाड्यात स्टेशनपासून चालत, औषधांची दुकानं, दवाखाने, फरसाणाची दुकानं ओलांडत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. खिडकीवर चाळिशीतली बाई, डबा संपवून नुकतीच हात पुसत होती. मी यादी दाखवली. म्हटलं, हे नाव काढायचंय.

"ज्यांचं आहे त्यांना घेऊन या काका."

"ती वारली."

बाईचा चेहरा मऊ झाला. "मग मृत्यूचा दाखला जोडा. मी नावापुढे 'मयत' असा शेरा मारून देते."

"आणि सहमती?"

"ती राहणार. तेव्हा त्या हयात होत्या ना."

"तेव्हा तिने केलीच नव्हती. सही मी केली."

बाईने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "काका, हे तोंडी बोललात तेवढं पुरे. लेखी देऊ नका. दुसऱ्याची सही केली असं लेखी दिलंत तर उद्या केस तुमच्यावर होईल, कंपनीवर नाही. माझ्या वडिलांच्या वयाचे आहात म्हणून सांगते."

मी बाकड्यावर बसलो. वर पंखा गरगरत होता. दिल्लीत कोणी माझ्या नावाने सही केली, त्याला मी शिव्या देतो. मग मी काय केलं? त्याने निदान मला कधी बघितलेलं नव्हतं. मी तर तिच्या हातचं जेवत होतो. त्याला जशी डोंबिवली, तशी मला विमल. आहेच आपली, विचारायचं काय. घरात टीव्ही घेतला, मी ठरवला. महेशची शाळा, मी ठरवली. गावची जमीन भावाला दिली, मी घरी येऊन सांगितलं. आम्हाला कोणी विचारत नाही म्हणून बोंब मारणाऱ्या माझ्यासारख्यांनी आपल्या घरात कितीदा विचारलं, हे एकदा आठवून बघावं. मला एकही वेळ आठवली नाही. बराच वेळ आठवत होतो.

मग बाईकडून कोरा कागद मागून घेतला. चौथीच्या अक्षरात लिहिलं. अमुक सहीवर माझी हरकत आहे. ती माझ्या बायकोची नाही. ती मी केली. तिची सहमती नव्हती, ती माइकवर बोलली ते तुम्ही लिहिलं नाही. सुनावणीत हे मला उभं राहून सांगायचं आहे. बाईने कागद दोनदा वाचला, सुस्कारा टाकला आणि शिक्का मारला.

ते परवा दुपारचं. काल दुपारपर्यंत कंपनीला कळलेलं होतं. कसं कळलं, विचारू नका, मी विचारलं नाही. साळवींनी महेशला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. ओरडले नाहीत. "तुझे वडील म्हणजे आमचे जुने माणूस," म्हणाले. "त्यांची तब्येत बरी असते ना? वहिनी गेल्यापासून मनाला लागलं असेल. त्यांना घेऊन ये. पहिल्या रांगेत त्यांच्या नावाची खुर्ची ठेवतोय. आणि दाराशी वहीवर तुलाच बसवलंय."

हे महेशने मला आज सकाळी सांगितलं, बूट घालता घालता. सुनावणी उद्या अकराला आहे.

एकतीस वर्षं मी त्या कंपनीत उभा होतो. पाय सुजले तरी बस कोणी म्हटलं नाही. आता माझ्या नावाची खुर्ची. मी म्हटलं, "साहेबांना सांग, खुर्ची नको. मी उभं राहून बोलणार आहे."

महेश एक बूट घालून तसाच बसून राहिला. पस्तिशीचा होत आलाय, कानाशी केस पांढरे झालेत. दोन महिन्यांनी त्याच्या बायकोचं बाळंतपण आहे, ती माहेरी गेलीय. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही बोला. आईसाठी बोलताय, मला कळतंय. पण मग माझं काय?"

तोंडावर आलेलं, तुझं काय, तू मला शिकवतोस का. चाळीस वर्षं हेच तोंडावर येत आलंय. ते गिळलं. म्हटलं, "तू सांग. तुला काय वाटतं? मी बोलू का नको?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी परक्या भाषेत बोललो. "तुम्ही मला विचारताय?"

"विचारतोय."

"आणि मी नको म्हणालो तर?"

त्याने दुसरा बूट घातला, नाड्या बांधल्या, सोडल्या, परत बांधल्या. म्हणाला, "संध्याकाळी सांगतो." आणि जिना उतरून गेला.

तेव्हापासून मी हे लिहितोय, अधूनमधून गॅलरीत जाऊन. तो नको म्हणाला तर मी उद्या गप्प बसेन का? मग विमल त्या यादीत कायमची हो म्हणत राहील. आणि नाही बसलो, तर मग सकाळी मी त्याला विचारलं ते कशाला? चिमणी बंद ठेवून, कूपन वाटून, पुलाव चढवून ते लोक विचारतात, तसंच मीही विचारलं म्हणायचं. त्याने काय सांगितलं तर मी काय करीन, हे मी अजून ठरवलेलं नाही. ठरवून बसलो असतो, तर ते विचारणं झालं नसतं.

वास आज उतरलेला नाही. दुपारपासून चिमणी बंद आहे. यंदा मांडव आमच्या समोरच्याच मैदानात उभा राहिलाय, माइकवाला एक, दोन, तीन म्हणून बघतोय. शिफ्ट सहाला सुटते. सात वाजत आले. महेश अजून आलेला नाही.